हात लावून बघणारा माणूस

"हात लावून बघितलंस?"

हा आमच्या पूलकाकांचा प्रश्न. पुलाबद्दल विचारायचे तसाच तो जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल विचारायचे. मी नवा फ्लॅट बघून आलो आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचं कौतुक सुरू केलं, तर म्हणाले, "बाथरूमच्या भिंतीला हात लावून बघितलंस? खाली, फरशीजवळ?" हॉटेलात गेले की बसण्याआधी खुर्चीची पाठ धरून हलवायचे. आमची मुलगी महिन्याची असताना ते बघायला आले, तेव्हा बाळाकडे बघण्याआधी खाली वाकून त्यांनी बाबागाडीच्या चाकांची खीळ चाचपली आणि मगच "छान आहे हो," म्हणाले. ते बाळाला म्हणाले की गाडीला, यावरून माझी बायको बरेच दिवस धुसफुसत होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा नुसत्या डोळ्यांवर भरवसा नसतो. आपण त्यांना किरकिरे म्हणतो, पाठीमागे त्यांच्या नकला करतो, आणि घराचं छप्पर गळायला लागलं की पहिला फोन त्यांनाच करतो. मीही त्यांची नक्कल फार छान करायचो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिला हमखास हशा मिळायचा, आणि सगळ्यांत आधी तेच हसायचे.

रेगेन्सबर्गमधल्या एका लहानशा इंजिनिअरिंग ऑफिसात ते पूल तपासायचे. इथलंच मास्टर्स करून मी त्या ऑफिसात लागलो आणि त्यांच्या हाताखाली आलो. जर्मनीत पुलाची दर सहा वर्षांनी मोठी तपासणी होते. नियम असा, की पुलाचा प्रत्येक भाग हाताच्या अंतरावरून बघायचा. दुर्बीण चालत नाही, फोटो चालत नाही. जवळ जायचं, हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव आवाज आला तर काँक्रीट ठीक, पोकळ आला तर आत काहीतरी सुटलेलं. शेवटी पुलाला मार्क द्यायचे, तेही इथल्या शाळेसारखे उलटे. एक म्हणजे उत्तम, चार म्हणजे ताबडतोब काहीतरी करा.

मंडळात सगळे त्यांना पूलकाका म्हणत. ऑफिसात पहिल्याच दिवशी मी लांबून "काका!" अशी हाक मारली आणि दोन जर्मन सहकारी कॉफी सांडेपर्यंत हसले. पूलकाकांनी मला बाजूला घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "इथे लहान मुलांना शी झाली की हा शब्द वापरतात. ऑफिसात मला सरळ नावाने हाक मार." तीस वर्षांनी मोठ्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. शेवटी मी "अहो" म्हणायला लागलो. थोड्याच दिवसांत ऑफिसातले दोघेतिघे जर्मनही त्यांना अहो म्हणू लागले. त्यांना वाटलं, हे त्यांचं घरचं नाव असावं.

ते इथे आले तेव्हा मी जन्मलो नव्हतो. त्यांची मराठी त्या वर्षीच थांबलेली होती. घराला बिऱ्हाड म्हणायचे, सर्दीला पडसं, फोटोला तसबीर, आणि मधेच एखादं जर्मन "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', घालून वाक्य पक्कं करायचे. वडील वाईकडे बांधकाम खात्यात मैलकुली होते. सरकारी रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करायच्या, खड्डे बुजवायचे, कडेच्या झाडांना चुना आणि गेरू लावायचा. "बाप मैलकुली, मीही मैलकुलीच," ते म्हणायचे, "फक्त माझे मैल जर्मनीत आहेत." काकू जर्मन. त्यांना ही नम्रता अजिबात आवडायची नाही. त्या लगेच दुरुस्ती करायच्या, "मैलकुली नाही. डिप्लोम-इंजिनिअर!"

एका वर्षी मंडळाच्या गणपतीत त्यांचं भाषण ठेवलं. विषय दिला होता 'मानवाची महान अभियांत्रिकी, प्राचीन ते आधुनिक'. पिरॅमिडपासून रॉकेटपर्यंत टाळ्यांचे प्रसंग येतील, मुलांना स्फूर्ती मिळेल, अशी आयोजकांची कल्पना. पहिलं चित्र पिरॅमिडचंच होतं. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "हे उत्तम आहे. पण याच्यावरून काही जात नाही आणि याच्याखालून काही वाहत नाही. ढीग आहे. ढिगाला पडायला जागाच नसते." मग रोमन लोकांचा पाण्याचा कालवा आला, उंच कमानींवरून जाणारा. कमानींकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. काठी वरच्या एका भोकावर ठेवली. "इथून माणूस आत उतरायचा आणि साठलेला क्षार खरवडून काढायचा. तो उतरत होता म्हणून शहराला पाणी होतं. त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही." दोन समुद्र जोडणाऱ्या कालव्याचं चित्र आलं, तर म्हणाले, "इथे गाळ काढणाऱ्या बोटी कायम चालतात. एक वर्ष थांबवा, मग बघू महान काय ते." आणि चंद्रावर गेलेल्या रॉकेटबद्दल एवढंच, "गेलं आणि आलं. सहा वर्षांनी तपासायला कुणाला जायचं नाही. सोपं काम."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने जर्मनमध्ये विचारलं, या सगळ्यात सर्वांत महान काय? त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "गटार." पोरं खिदळली. त्यांनी न हसता पुढे सांगितलं, "पूल गाड्यांनी मरत नाही, पाण्याने मरतो. पाणी बाहेर काढणारी नळी ज्याने शोधली तो सगळ्यांत मोठा इंजिनिअर." आयोजकांनी घाईघाईने माईक घेतला आणि आरतीची वेळ झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी हॅम्बर्गहून विमानं बनवणारा एक माणूस बोलावला. त्याला टाळ्या पडल्या.

गावात नवा मराठी विद्यार्थी आला की ते त्याला आमच्या दगडी पुलावर न्यायचे. डोनाऊ नदीवरचा तो पूल नऊशे वर्षांच्या घरातला. लोक तिथे सेल्फी काढतात, आइस्क्रीम खातात. ते विद्यार्थ्याला कठड्याच्या दगडावर तळवा टेकवायला लावायचे आणि विचारायचे, "बांधणारे महान, कबूल. पण मधल्या काळात दर पिढीत कुणीतरी खाली होडीतून जाऊन बघून आलं असेल ना? त्यातलं एक नाव सांग." विद्यार्थी गोंधळून गूगल करायला लागायचा. ते खूश व्हायचे.

मला त्यांचा कधीकधी वैताग यायचा, हेही सांगून टाकतो. ज्या कामाला दुसऱ्याला एक दिवस लागे त्याला त्यांना दोन लागत. पुलाच्या पोटातल्या पोकळीत, जिथे कमरेत वाकून चालावं लागतं, तिथे ते हातोडी टाकत टाकत पुढे जायचे आणि मी मागून टॅबवर नोंद करायचो. ठोकलं की ते लगेच बोलत नसत. हातोडी उचलून धरायचे, मान किंचित तिरकी करायचे, आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचे, आणि मग म्हणायचे, "भरीव." किंवा "पोकळ. चार बोटं डावीकडे अजून बघू." आमचं सगळं मराठीतच चालायचं. एकदा तपासणीच्या गाडीच्या बव्हेरियन ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, हा मंत्र दर वेळी म्हणावाच लागतो का?

आता मूळ गोष्टीवर येतो. इतका वेळ मी तिच्याभोवती घिरट्या घालत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका छोट्या गावाजवळच्या पुलाची मोठी तपासणी होती. गावाचं नाव सांगत नाही. साधा काँक्रीटचा पूल, खाली नदी, काठाने सायकलींचा रस्ता. त्या आठवड्यात त्यांचा खांदा धरला होता, हात वर जाईना. पण कठड्यावरून खाली पाळणा सोडणारी गाडी आधीच ठरवलेली, रस्त्याची एक बाजू दुपारी दोनपर्यंत बंद ठेवायची परवानगी काढलेली. रद्द केलं असतं तर पुन्हा काही महिने थांबावं लागलं असतं. ते म्हणाले, "आज तू पाळण्यात जा. मी वर उभा राहून लिहितो." असं याआधी कधी झालं नव्हतं. नियमाने ज्याची सही त्याने स्वतः खाली जायला हवं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्याच दिवशी तीन वाजता मला आउसलेंडरबेहोर्डेत टेर्मिन होता. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: परदेशी माणसाला इथे राहायचा परवाना देणारं हे कार्यालय. तिथला टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला मला आठ महिने लागले होते. कायमच्या परवान्याचं काम होतं. चुकलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी. मी सकाळी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "दोनला संपवू. मी तुला गाडीने सोडतो. बोटांचे ठसे द्यायचे असतील, हातमोजे घाल."

दीड वाजता शेवटचा खांब राहिला होता. तिथे दिव्याचा खांब मधे येत होता, म्हणून पाळणा पूर्ण मिटवून, गाडी पुढे घेऊन पुन्हा उघडायला हवा होता. त्यात अर्धा तास जाणार. मी शेजारच्या जागेवरूनच बघितलं. खांबाचा माथा कोरडा दिसत होता, डाग नाही, भेग नाही. मी मोबाईल उंच धरला, झूम करून फोटो काढला. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला.

"शेवटचा खांब?"

"झाला."

"हात लावून बघितलंस?"

"हो."

"आवाज?"

"भरीव," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. पावणेतीनला त्यांनी मला कार्यालयाच्या दारात सोडलं. परवाना मंजूर झाला. संध्याकाळी काकूंनी केक पाठवला, त्यावर क्रीमने वेडंवाकडं 'अभिनंदन' लिहिलं होतं. शब्द त्यांना कुणी लिहून दिला होता, हे सांगायला नको.

तपासणीच्या कागदावर त्यांची सही गेली.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, बर्फ वितळायला लागला तेव्हा, त्याच खांबाच्या माथ्याचा काँक्रीटचा एक तुकडा खाली पडला. सायकलवरून चाललेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या खांद्यावर. जीव वाचला, पण हात पुन्हा पहिल्यासारखा वर झाला नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी वरच्या सांध्यातून वर्षानुवर्षं आत झिरपत होतं, बाहेरून कोरडं दिसत होतं तरी आत सगळं सुटलं होतं. ठोकलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पूल बंद झाला. पेपरात बातमी आली.

पूल ज्यांच्या ताब्यात होता त्या खात्याने आम्हाला बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आमचे साहेब, खात्याचे तिघे, ते आणि मी. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "या जागी कोणी ठोकलं होतं?"

मी समोरच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो. ते कुठल्या झऱ्याचं पाणी होतं ते मला आजही सांगता येईल.

"मी," ते म्हणाले.

"आणि आवाज?"

"भरीव लिहिलं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. बघितलं असतं तरी मी बोललो नसतो.

खात्याच्या अहवालात वाक्य आलं: अनुभवी तपासनिसाला या ठिकाणी पोकळ आवाज ओळखता आला नाही. त्यांचं तपासणीचं काम काढून घेतलं. ऑफिसाने त्यांना जुन्या फायली स्कॅन करायला बसवलं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, म्हातारबुवांचे कान गेले. दुसरा त्यांच्या मागे उभा राहून टेबलावर हळूच टकटक करायचा आणि त्यांनी वळून बघितलं की सगळे हसायचे. मीही एकदा हसलो. सहा महिन्यांत ते वेळेआधी निवृत्त झाले. निरोप समारंभाला केक होता, भाषण होतं, त्यात 'दीर्घ सेवा' हे शब्द होते.

त्यांची जागा रिकामी झाली. ऑफिसाने तपासनिसाच्या अभ्यासक्रमाला मला पाठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बागेत बसलो. काकू आत पोहे करत होत्या. त्या लिंबू इतकं पिळत की डोळे मिटावे लागत. मी बराच वेळ हवा, मुलगी, ट्रेनचा उशीर असं बोललो. शेवटी म्हणालो, "काका, त्या खांबाला मी हात लावला नव्हता."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तुकडा पडल्यावर विचार करत बसलो. मी आवाज विचारला आणि तू लगेच भरीव म्हणालास. ठोकणारा माणूस लगेच बोलत नाही. जरा थांबतो. त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तुझ्या टेर्मिनची घाई मलाच जास्त होती."

"मग तुम्ही तिथे 'मी' का म्हणालात?"

"सही माझी होती. सही म्हणजे मी हात लावला. दुसरं काय सांगणार?" त्यांनी खुर्ची जरा सावलीत ओढली. "मी न बघता सही केली, ते माझं. त्याचं जे व्हायचं ते झालं. तू हात लावला नाहीस, ते तुझं. ते तू सांग."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं. मोठी माणसं असं म्हणतात. मी खरं सांगायला गेलो होतो ते हे ऐकायलाच. मी म्हणालो, "मी खात्याला पत्र लिहितो."

"लिही," ते म्हणाले. "मला काम परत नको. त्या बाईंना मी भेटून आलो आहे, तिथेही जे सांगायचं ते सांगितलं. पण त्या कागदावर लिहिलंय की मी ठोकलं आणि मला ऐकू आलं नाही." मग जर्मनमध्ये बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला ऐकू येतं. तेवढं दुरुस्त कर."

मी हो म्हणालो. काकू पोहे घेऊन आल्या आणि आम्ही लिंबाबद्दल बोललो.

पत्र दोन परिच्छेदांचं होतं. मसुदा मी त्याच आठवड्यात केला. पण माझी तपासनिसाची परीक्षा तोंडावर होती, खोटी नोंद केल्याची कबुली देऊन परीक्षेला कसं बसणार? ती झाल्यावर म्हटलं, नव्या पदावर जरा पाय रोवू दे. मग नागरिकत्वाचा अर्ज केला, त्यात स्वतःविरुद्ध कागद कोण तयार करतो? कारणांना तोटा नसतो. आणि प्रत्येक कारण घरात बायकोला पटत होतं, हे विशेष. ती म्हणायची, "काकांचं वय झालंय, त्यांना आता काय फरक पडतो? आपल्याला पडतो."

दिवाळीला त्यांचा फोन आला. मुलीची चौकशी केली, मग विचारलं, "लिहिलंस?"

"लिहितोय."

गुढीपाडव्याला मी फोन केला. "लिहिलंस?"

"जवळजवळ झालंय काका. एक शब्द बघतोय, जर्मन नीट हवं ना."

"आणून दाखव. मी बघतो जर्मन."

मी नेलं नाही. पुढच्या दिवाळीला त्यांनी विचारलं नाही. मुलीची चौकशी केली, थंडी लवकर पडलीय म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला. मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला वाटेल, लाज वाटली असेल. लाज पुष्कळ नंतर वाटली. त्या क्षणी फक्त बरं वाटलं. मी सोफ्यावर बसून चिवडा खाल्ला.

ते त्यापुढच्या शरद ऋतूत गेले. हृदयाचं दुखणं, चार दिवस दवाखाना, संपलं. मी भेटायला निघालोच होतो, असं सगळे म्हणतात तसं मीही सगळ्यांना सांगितलं.

अंत्यविधीला मंडळाची बरीच माणसं आली. म्युनिकहून, गेर्लिंगेनहून. एकाने भाषणात त्यांना महान अभियंते म्हटलं. ऑफिसातले दोघे आले होते, ते मागे उभे होते. मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी गटाराचा किस्सा सांगितला. लोक रडत रडत हसले. माझं बोलणं सगळ्यांत चांगलं झालं, असं तिघांनी येऊन सांगितलं.

आठवड्याने काकूंनी बोलावलं. काकांची तांत्रिक पुस्तकं मी न्यावीत, असं त्यांचं म्हणणं. खोक्यात पुस्तकं भरता भरता त्या म्हणाल्या, आणि त्या जर्मनमध्येच म्हणाल्या, "तुला एक विचारायचं होतं. शेवटची दोन वर्षं तो रोज अकराला खाली जायचा, टपालपेटी उघडायला. मला जाऊ द्यायचा नाही. गुडघा दुखत असला तरी स्वतः. खात्याकडून काहीतरी यायचंय म्हणायचा. दवाखान्यातूनही त्याने विचारलं, काही आलं का? तू त्याच्याबरोबर काम करायचास. कशाची वाट बघत होता तो?"

मी पुस्तकांच्या कडा एका रेषेत लावत होतो.

"माहीत नाही, काकू," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. बहुतेक पेन्शनचं काहीतरी असेल, म्हणाल्या. मग खोकं उचलायला त्यांनीच एका बाजूने हात लावला आणि आम्ही ते जिन्यातून खाली आणलं.

घरी आलो आणि संगणकातला मसुदा काढला. एक शब्दही बदलावा लागला नाही. जर्मन पहिल्यापासून नीट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. माझी परीक्षा, माझं पद, माझा नवा पासपोर्ट, जे जायचं असेल ते जाऊ दे, असं ठरवून केलं. तीन आठवडे मी रोज घाबरत टपालपेटी उघडत होतो.

उत्तर आलं ते चार ओळींचं. आपल्या पत्राबद्दल आभार. संबंधित बांधकाम या वर्षी मार्चमध्ये पाडण्यात आले असून त्याबरोबर त्याची फाइल बंद करून अभिलेखागारात पाठवण्यात आली आहे. बंद फाइलीतील नोंदींमध्ये नंतर बदल करता येत नाही. आपल्यासंदर्भात पुढील कारवाईचे कारण दिसत नाही. खाली सस्नेह नमस्कार आणि सही.

माझं काहीही गेलं नाही. पद आहे, पासपोर्ट आहे. पुलाच्या जागी नवा पूल उभा राहतोय, त्याची पहिली तपासणी आमच्याच ऑफिसाकडे आली आहे आणि ती मी करणार आहे.

पत्र मी चार वेळा वाचलं. मार्चपर्यंत फाइल उघडी होती. मार्चमध्ये ते होते, रोज अकराला खाली जात होते, आणि पत्र माझ्या संगणकात तयार होतं. आता त्या फाइलीत कायमचं लिहिलेलं आहे की त्यांना ऐकू आलं नाही.